सिक्युरिटी प्लगइनची लाल पट्टी: ७५५, ६४४ सगळं बरोबर, तरी एरर का येतो?

तुमच्यापैकी जे कोणी स्वतःची नाहीतर दुसऱ्या कोणाची वर्डप्रेस वेबसाइट सांभाळतात, त्यांच्यासाठी आजचा लेख आहे. लेख जरा लांब आहे आणि त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती लपवून नुसत्या स्टेप्स सांगता आल्या असत्या, पण मग स्टेप्स का करायच्या हे कळलं नसतं.

आधी बातमी. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबरने ‘रोड ऑफ सिंदूर’ नावाचा अहवाल काढला. पहलगाम हल्ल्यानंतर देशभरातल्या वेबसाइट्सवर सुमारे १५ लाख सायबर हल्ले झाले आणि त्यातले फक्त १५० यशस्वी झाले, असं त्यात म्हटलं होतं. टीव्हीवर मथळा झाला तो १५ लाखांचा. माझं लक्ष मात्र १५० वर गेलं, कारण त्यात कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची वेबसाइट होती. हॅकर्सनी ती विद्रूप केली होती. म्हणजे दिल्लीचं मंत्रालय नाही, मोठी बँक नाही, आपल्यासारख्या गावाची नगरपरिषद. त्याआधी जून २०२२ मध्ये ठाणे शहर पोलिसांची वेबसाइट अशीच हॅक झाली होती. लहान साइटकडे कोण बघतं, हा समज तेव्हाच जायला हवा होता.

मी नांदगाव पेठेत राहतो. अमरावतीहून नागपूरकडे निघालात की महामार्गावरच आमचं गाव लागतं. एमआयडीसी आहे, औष्णिक वीज प्रकल्प आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पीएम मित्रा टेक्सटाइल पार्कचं भूमिपूजन झाल्यापासून तर ज्याला त्याला वेबसाइट पाहिजे. ढाबेवाला, ट्रान्सपोर्टवाला, लेबर कॉन्ट्रॅक्टर, क्लासवाले सर. मी ही कामं करतो, त्यातली निम्मी तर मोबाइलवरूनच. ती बातमी आली त्या आठवड्यात मला जेवढे फोन आले तेवढे दिवाळीतही येत नाहीत. सगळ्यांचं एकच म्हणणं: भाऊ, आपल्या साइटवर ते सिक्युरिटीचं काहीतरी टाकून दे.

टाकून दिलं. आणि मग दुसऱ्या फोनांची रांग लागली. क्लासवाल्या सरांनी तर स्क्रीनशॉटच पाठवला. खाली लिहिलं होतं, “अबे, हे लाल लाल काहून दिसून राहिलं? पैसे देऊन लावलं ना आपण?”

लाल पट्टी नेमकं काय म्हणते

वर्डफेन्स हे सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या सिक्युरिटी प्लगइनपैकी एक आहे, तेच उदाहरण घेऊ. परमिशनची गडबड असली की डॅशबोर्डवर संदेश येतो. त्याचा अर्थ असा: फायरवॉल चालू शकत नाही, कारण कॉन्फिगरेशनच्या फाइल्स बिघडल्या आहेत किंवा वेब सर्व्हरला त्या उघडता येत नाहीत. दुसऱ्या प्लगइनमध्ये शब्द वेगळे असतील. कुठे ‘नॉट रायटेबल’ असेल, कुठे ‘परमिशन डिनाइड’. मुद्दा एकच.

सिक्युरिटी प्लगइन हे नुसतं सेटिंगचं पान नसतं. त्याला सतत काहीतरी लिहावं लागतं. कोणत्या आयपीवरून कोणी काय प्रयत्न केला, कोणाला अडवलं, नवीन नियम कोणते आले. वर्डफेन्सचा फायरवॉल हे सगळं डेटाबेसमध्ये नाही, तर डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरच्या आतल्या ‘डब्ल्यूएफलॉग्स’ नावाच्या फोल्डरमधल्या फाइल्समध्ये ठेवतो. त्या फोल्डरमध्ये लिहिताच आलं नाही तर फायरवॉल आंधळा होतो. गेटवर वॉचमन बसलाय, पण त्याच्या हातात ना वही, ना पेन, ना कोणाला आत सोडायचं त्याची यादी.

साइट मात्र चालूच राहते. ग्राहकाला काही फरक दिसत नाही. त्यामुळे लाल पट्टीच्या कोपऱ्यातली फुली दाबून आपण मोकळे होतो. मी झालो होतो.

आकडे म्हणजे मोजणी, मालक म्हणजे सातबारा

आता थोडं थिअरी, पण झोप येऊ देणार नाही.

लिनक्स सर्व्हरवर प्रत्येक फाइलला एक मालक असतो, एक ग्रुप असतो, आणि उरलेले सगळे ‘इतर’. या तिघांना तीन प्रकारचे अधिकार मिळू शकतात. वाचायचा अधिकार ४, लिहायचा २, चालवायचा १. बेरीज करायची. ६४४ म्हणजे मालक वाचू-लिहू शकतो (४ आणि २), ग्रुप आणि इतर फक्त वाचू शकतात. ७५५ म्हणजे मालकाला सगळं, बाकीच्यांना वाचायचं आणि चालवायचं. फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणं’ म्हणजे आत शिरणं. ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं, या बसा, जेवून जा.

वर्डप्रेसची स्वतःची शिफारस अशी आहे: फोल्डरला ७५५ किंवा ७५०, फाइलला ६४४ किंवा ६४०, आणि डेटाबेसचा पासवर्ड ज्या डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये असतो तिला ४४० किंवा ४००. ७७७ कोणत्याच फोल्डरला नाही, अपलोडच्या फोल्डरलाही नाही.

हे आकडे यूट्यूबवरच्या कोणत्याही व्हिडिओत मिळतात. जे फारसं कोणी सांगत नाही ते असं, की हे आकडे मालक कोण यावर अवलंबून आहेत. मालक चुकीचा असेल तर ७५५ बरोबर असूनही उपयोग शून्य.

शेताचं उदाहरण घ्या. तुम्ही वावर घेतलं, पैसे दिले, खरेदीखत झालं. पण फेरफार झाला नाही. सातबाऱ्यावर नाव अजून जुन्याच माणसाचं. आता पीककर्जासाठी बँकेत गेलात तर बँक काय म्हणेल? वावराची मोजणी कितीही बरोबर असू द्या, हद्दीचे दगड जागेवर असू द्या, नाव कुठंय? ७५५ आणि ६४४ हे मोजणीचे आकडे आहेत. सातबाऱ्यावरचं नाव म्हणजे फाइलचा मालक. आकडे बदलायची कमांड आहे सीएचमॉड. नाव बदलायची, म्हणजे फेरफाराची, कमांड आहे सीएचओन. बहुतेक जण आयुष्यभर पहिलीच वापरतात.

साइट उघडल्यावर पीएचपीचा कोड चालवतो तो सर्व्हरवरचा एक ठराविक युजर. उबुंटू किंवा डेबियनवर त्याचं नाव साधारणपणे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ असतं, काही सर्व्हरवर ‘अपाचे’. सीपॅनलवाल्या स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर बहुतेक वेळा तो तुमच्या अकाउंटच्याच नावाचा असतो, म्हणून तिथे ही भानगड कमी होते. पण तुम्ही स्वतःचा छोटा सर्व्हर घेतला, ‘रूट’ म्हणून लॉगिन केलं आणि जुन्या होस्टिंगवरून सगळ्या फाइल्स कॉपी करून आणल्या, तर त्या फाइल्सचा मालक होतो रूट. मग ७५५ मधला ‘मालकाला सगळं’ हा हक्क रूटला मिळतो. बिचारा वेब सर्व्हर ‘इतर’ मध्ये जाऊन बसतो. वाचू शकतो, आत शिरू शकतो, लिहू शकत नाही. आणि प्लगइन वेब सर्व्हरच्याच नावाने चालतं.

मी काय केलं

क्लासची साइट मी त्याच मे महिन्यात नवीन सर्व्हरवर हलवली होती. रूटने. लाल पट्टी दिसली तेव्हा मी सगळ्यांसारखंच केलं, पूर्ण डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरला ७७७ देऊन टाकलं. पट्टी गेली. सर खूश.

तीन दिवसांनी मलाच बरं वाटेना. ७७७ वाईट असतं एवढं ऐकून होतो. म्हणून मी परत सगळं ७५५ आणि ६४४ केलं. पट्टी परत आली. याच वेळी ॲडमिशनचे दिवस, पालक ऑनलाइन फॉर्म भरत होते आणि फोटो अपलोड होईना. मग मी एक ‘शहाणपणाचा’ तोडगा काढला: फक्त अपलोड्स फोल्डरला ७७७, बाकी सगळं तसंच. फॉर्म चालू झाला. पट्टीचं काय, सर म्हणाले, “राहू दे ना बाप्पा, पोट्ट्यांचे फॉर्म येऊन राहिले ना?” मी फुली दाबली.

जुलैत एका पालकाने गुगलवर क्लासचं नाव शोधलं, तर खाली जपानी अक्षरांत ब्रँडेड बॅगांच्या जाहिराती. हा प्रकार इतका नेहमीचा आहे की गुगलच्या मदतपानांवर त्याला ‘जपानी कीवर्ड हॅक’ असं नावच आहे. अपलोड्सच्या आत, फोटोंच्या गर्दीत, एक पीएचपी फाइल बसली होती. तारीख सहा आठवड्यांपूर्वीची.

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, कारण अशा लेखांमध्ये ती उलटीच सांगितली जाते. ‘७७७ दिलं म्हणून हॅक झालं’ असं म्हणणं माझ्या बाबतीत अर्धसत्य आहे. अपलोड्स फोल्डरमध्ये वेब सर्व्हरला लिहिता येणं गरजेचंच असतं. मालक बरोबर असता तरी तिथे ती फाइल बसू शकली असती. खरं दार होतं फॉर्मचं प्लगइन. त्यातली फाइल अपलोडची चूक कंपनीने दुरुस्त करून अपडेट केव्हाच दिलं होतं. ऑटो-अपडेट चालू होतं. पण ते अपडेट आमच्या साइटवर बसलंच नाही, कारण प्लगइनच्या फाइल्सचा मालक रूट आणि वर्डप्रेसला तिथे लिहायची परवानगी नाही.

म्हणजे एकाच चुकीच्या मालकामुळे दोन गोष्टी बंद पडल्या होत्या: फायरवॉल आणि अपडेट. लाल पट्टी पहिलीबद्दल ओरडत होती. दुसऱ्या गोष्टीची पट्टी कुठेच नव्हती.

नोव्हेंबर २०२४ आठवतो का?

हे फक्त पेठेतल्या एका क्लासचं रडगाणं नाही. ‘रिअली सिंपल सिक्युरिटी’ हे सिक्युरिटी प्लगइन ४० लाखांहून जास्त साइट्सवर होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्डफेन्सच्या संशोधकाला त्यात इतकी गंभीर चूक सापडली, की पासवर्ड माहीत नसताना कोणीही ॲडमिन म्हणून आत शिरू शकत होतं. गंमत बघा, ज्यांनी टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन चालू केलं होतं त्यांनाच तो धोका होता. जास्त काळजी घेणारा जास्त उघडा. गांभीर्याचा स्कोर दहापैकी ९.८. दुरुस्ती ९.१.२ या आवृत्तीत आली, १४ नोव्हेंबरला फ्री प्लगइनसाठी. आणि वर्डप्रेसच्या टीमने ती साइट्सवर सक्तीने पाठवली, मालकाने बटण दाबायची वाट न बघता.

आता विचार करा. सक्तीचं अपडेट दारापर्यंत आलं आणि ज्या साइटवर फाइलचा मालकच चुकीचा आहे तिथे काय झालं असेल? कुरिअरवाला येऊन घराला कुलूप बघून परत जातो, तसंच. अपडेट करताना वर्डप्रेस तुमच्याकडे एफटीपीचं युजरनेम आणि पासवर्ड मागत असेल, तर समजा तुमच्या दाराला ते कुलूप आहे. हे मागणं म्हणजे नखरा नाही, मालकी चुकल्याची ती सगळ्यात सोपी खूण आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी एक. ‘अँटी-मालवेअर सिक्युरिटी अँड ब्रूट-फोर्स फायरवॉल’ नावाचं प्लगइन, एक लाखाहून जास्त साइट्सवर. त्यातल्या चुकीमुळे साधा सबस्क्रायबर, म्हणजे ज्याने फक्त अकाउंट उघडलंय असा माणूस, सर्व्हरवरच्या फाइल्स वाचू शकत होता, डेटाबेसचा पासवर्ड असलेली डब्ल्यूपी-कॉन्फिगसुद्धा. तिथे ४०० दिलेलं असलं तरी फायदा नव्हता, कारण वाचणारा होता प्लगइन, आणि प्लगइन मालकाच्या नावाने वाचतं. उपाय एकच होता, ४.२३.८३ हे अपडेट. परत गाडी तिथेच आली.

म्हणून माझं मत: परमिशन एररकडे ‘प्लगइन नीट चालत नाही’ म्हणून बघू नका. ‘माझ्या साइटवर दुरुस्ती पोहोचत नाही’ म्हणून बघा.

मोबाइलवरून कसं तपासायचं

लॅपटॉप लागत नाही. पहिली तपासणी वर्डप्रेसच्या आतूनच होते. टूल्समध्ये साइट हेल्थ, तिथे इन्फो हा टॅब, आणि खाली जात राहा, फाइलसिस्टम परमिशन्स असा भाग दिसेल. त्यात मुख्य फोल्डर, डब्ल्यूपी-कंटेंट, अपलोड्स, प्लगइन्स, थीम्स यांच्यापुढे ‘रायटेबल’ किंवा ‘नॉट रायटेबल’ असं लिहिलेलं असतं. प्लगइन्सपुढे ‘नॉट रायटेबल’ असेल तर तुमचं ऑटो-अपडेट शोभेचं आहे.

स्वतःचा सर्व्हर असेल तर टर्मक्स किंवा तसं कोणतंही ॲप उघडून लॉगिन करा आणि वर्डप्रेसच्या फोल्डरमध्ये ‘एलएस’ ही कमांड ‘मायनस एल’ लावून चालवा. यादीत तिसऱ्या कॉलममध्ये मालकाचं नाव असतं, चौथ्यात ग्रुपचं. तिथे रूट दिसला की कळलं. मग आधी बॅकअप, मग सीएचओन, मग फोल्डर ७५५ आणि फाइल ६४४. क्रम उलटा करू नका, आणि सीएचओन चालवताना आपण कोणत्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते दोनदा बघा. चुकून पूर्ण सर्व्हरचा फेरफार केलात तर तलाठीही वाचवणार नाही.

शेअर्ड होस्टिंगवर सीएचओनची परवानगी तुम्हाला नसते. तिथे सपोर्टला तिकीट टाका आणि नेमकं लिहा: अमुक फोल्डरची ओनरशिप माझ्या अकाउंटच्या नावावर करून द्या. ‘एरर येतोय, बघा ना’ असं लिहिलंत तर तिकडून उत्तर येतं कॅश क्लिअर करा. आणि अशा होस्टिंगवर ७७७ देऊन बघायचा मोह होत असेल तर थांबा. बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना लिहिता येणारी पीएचपी फाइल सर्व्हर चालवतच नाही. साइट सरळ ५०० एरर देऊन बसते.

काही जाणकार म्हणतील, सगळ्या फाइल्स वेब सर्व्हरच्या नावावर करणं हेच धोक्याचं, कोड रूटच्याच नावावर असावा आणि अपडेट हाताने करावं. तत्त्वतः त्यांचं बरोबर आहे. पण हाताने अपडेट करणारं कोणी आहे का? ढाबेवाल्याच्या साइटवर वर्षातून एकदाही कोणी लॉगिन करत नाही. अशा साइटसाठी मी मालकी वेब सर्व्हरकडे ठेवतो आणि ऑटो-अपडेट चालू ठेवतो. एका सर्व्हरवर चार-पाच साइट असतील तर मात्र प्रत्येकीला वेगळा युजर द्या, नाहीतर एक गेली की रांगेने सगळ्या जातात.

मालकी नीट झाल्यावरही वर्डफेन्सची पट्टी जात नसेल तर डब्ल्यूएफलॉग्स हा फोल्डर पूर्ण डिलीट करा. घाबरू नका, प्लगइन तो स्वतः परत बनवतं, आणि या वेळी योग्य मालकाच्या नावाने. त्यानंतर फायरवॉलच्या पानावर जाऊन तो ‘लर्निंग मोड’मध्ये तर गेला नाही ना, ते बघा. त्या मोडमध्ये तो शिकत असतो, नेहमीसारखं अडवत नाही. काही होस्टिंगवर फाइलमध्ये लिहिण्याचं गणित जुळतच नाही. त्यांच्यासाठी वर्डफेन्सने ही माहिती डेटाबेसमध्ये ठेवायची सोय दिली आहे, त्यासाठी एक ओळ टाकावी लागते.

साइट हलवल्यावर पूर्ण पांढरं पान आलं तर ती वेगळी गोष्ट. वर्डफेन्सचा फायरवॉल वर्डप्रेसच्याही आधी सुरू व्हावा म्हणून ‘डॉट युजर डॉट आयएनआय’ नावाच्या फाइलमध्ये जुन्या सर्व्हरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. नवीन सर्व्हरवर तो पत्ताच नाही. पत्ता बदला, आणि मग पाच मिनिटं काही करू नका. पीएचपी ही फाइल साधारण ३०० सेकंद लक्षात ठेवतं. मी पहिल्यांदा त्या पाच मिनिटांत आणखी चार ठिकाणी बदल करून ठेवले होते, मग नेमकं कशाने चालू झालं तेच कळेना.

बाकीची कारणं पटकन सांगतो. डिस्क भरली असेल तरी लिहिता येत नाही आणि एरर परमिशनसारखाच वाटतो. शेअर्ड होस्टिंगवर जागा असते पण फाइल्सच्या संख्येची मर्यादा संपलेली असते, तीही बघा. अल्मालिनक्ससारख्या सर्व्हरवर मालक आणि आकडे दोन्ही बरोबर असूनही एसईलिनक्स अडवतं. आणि एक खूण मात्र लक्षात ठेवा: एचटीॲक्सेस फाइलची परमिशन तुम्ही बदलली, पान रिफ्रेश केलं, आणि आकडा आपोआप परत ४४४ झाला, तर तो प्लगइनचा दोष समजू नका. दुसरं कोणीतरी आत बसून ती फाइल राखतंय. तेव्हा परमिशनशी खेळत बसू नका, साइट बंद करा आणि साफसफाईला लागा.

अपलोड्समध्ये पीएचपी चालूच नये अशीही सोय करा. वर्डफेन्समध्ये त्यासाठी एक टिक आहे, पण ती एचटीॲक्सेसवर चालते. तुमचा सर्व्हर एनजिनएक्स असेल तर टिक लावूनही काही होत नाही, तिथे नियम सर्व्हरच्याच सेटिंगमध्ये लिहावा लागतो.

वही कोरी होती

साइट साफ करायला मला दोन रात्री लागल्या. ते काही विशेष नाही. खरा प्रश्न तिसऱ्या दिवशी समोर आला. त्या ॲडमिशन फॉर्ममध्ये पालकांकडून मुलांच्या आधार कार्डाचा फोटो मागितला होता, आणि ते सगळे फोटो त्याच अपलोड्स फोल्डरमध्ये. इथे ६४४ चा काही उपयोग नाही हे लक्षात घ्या. फाइल बाहेरच्याला देणारा वेब सर्व्हरच असतो, आणि त्याला वाचायची परवानगी असतेच. लिंक माहीत असली की फोटो उघडतो, हॅक करायचीही गरज नाही.

ते फोटो कोणी नेले का? मी प्लगइनचा लॉग उघडला. मे ते जुलै, कोरा. लिहायची परवानगीच नव्हती. मग सर्व्हरचा लॉग. उबुंटूवर अपाचेचे लॉग ठरवून वाढवले नाहीत तर १४ दिवसांचेच राहतात. ती पीएचपी फाइल सहा आठवड्यांची. मधले चार आठवडे कुठेच नाहीत. सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये जे निर्देश काढले, त्यात कंपन्या, डेटा सेंटर आणि सेवा पुरवठादारांनी लॉग १८० दिवस ठेवावेत आणि वेबसाइट विद्रूप होण्यासारखा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं असं आहे. तेव्हा मला १८० हा आकडा सरकारी हौस वाटला होता.

सरांचं म्हणणं होतं, साइट नीट झाली ना, आता कोणाला काही सांगायची गरज नाही, उगाच ॲडमिशन कॅन्सल होतील. माझं म्हणणं होतं, सांगावं लागेल. आमची चांगलीच वाजली. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि डेटा फुटल्यास संबंधितांना विलंब न लावता कळवायची, बोर्डाला ७२ तासांत तपशील द्यायची तरतूद त्या नियमांत १८ महिन्यांच्या मुदतीनंतर लागू होणाऱ्यांपैकी आहे. म्हणजे त्या जुलैत पालकांना कळवायची सक्ती या नियमांची नव्हती. शेवटी सर तयार झाले ते कायद्यामुळे नाही. ज्या पालकाने जपानी पानं बघितली होती, त्यांनी तोपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं.

रविवारी क्लासमध्ये पालक जमले. मी उभा राहून सांगितलं. एक ताई म्हणाल्या, “भाऊ, ते सारं ठीक आहे, पण आमच्या पोरीचं आधार कोणाजवळ गेलं का नाही गेलं, तेवढं सांगा ना.”

सांगता आलं नाही. ‘गेलं’ म्हणावं तर पुरावा नाही, ‘नाही गेलं’ म्हणावं तर तोही नाही. मे महिन्यात पाच मिनिटांची सीएचओन कमांड दिली असती तर निदान तो लॉग कोरा नसता.

आता त्या फॉर्ममध्ये आधारचा फोटो मागत नाहीत. कोणाला द्यायचाच असेल तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढून आणायला सांगतात, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. जुने सगळे फोटो सर्व्हरवरून काढले. लॉग सहा महिन्यांचे ठेवतो, आणि दर सोमवारी सकाळी चहा पिता पिता साइट हेल्थचं ते पान उघडून बघतो.

त्या रविवारी मीटिंग संपल्यावर मी थांबलेल्या पालकांच्या फोनवर आधारचं बायोमेट्रिक लॉक करून देत बसलो होतो. एकोणीस जणांचं झालं. त्या ताईंचं झालं नाही. पोरीच्या आधारला जोडलेला नंबर तिच्या वडिलांच्या जुन्या सिमचा होता, ओटीपी तिकडे जात होता आणि ते सिम बंद होऊन दोन वर्षं झाली होती. सोमवारी त्या नंबर बदलायला अमरावतीला आधार केंद्रावर गेल्या. येण्याजाण्याचं भाडं मी देऊ केलं, त्यांनी घेतलं नाही.